पहाटे पाचला घरी परतणारी कवयित्री

कॅबरे हा शब्द आपल्यापर्यंत हिंदी सिनेमातून पोचला. त्यामुळे तो ऐकला की हेलन आठवते, झगमगता पोशाख आठवतो, धुराने भरलेला क्लब आठवतो. एमी हेनिंग्सबद्दल वाचायचं तर हे चित्र आधी बाजूला ठेवावं लागतं. ती ज्या कॅबरेत उभी राहिली ते म्हणजे एखाद्या बिअरच्या दुकानाच्या टोकाला बांधलेला छोटा मंच, शेजारी एक पियानो आणि समोर टेबलांवर खात-पीत बसलेली माणसं. मंचावर एकामागून एक कलाकार यायचे. कुणी गाणं म्हणायचं, कुणी स्वतःची कविता वाचायचं, कुणी सरकारची टर उडवायचं, कुणी नाचायचं. प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं. ग्लासांच्या खणखणाटातून, गप्पांच्या कलकलाटातून तेवढ्या वेळात लोकांची मान आपल्याकडे वळवायची. ती वळली नाही तर उद्या मालक दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार.

एमी हेनिंग्स (1885-1948) या कामावर कित्येक वर्षं जगली. ती कवयित्री होती, कादंबऱ्याही तिने लिहिल्या. कलेच्या इतिहासात मात्र तिची नोंद बहुतेक वेळा एवढीच सापडते: ‘दादा’ नावाची कलाचळवळ सुरू करणाऱ्या हुगो बालची बायको. ही नोंद खोटी नाही, पण तिच्यावरून काहीच कळत नाही. तिचं आयुष्य समजून घेताना मला एक साधा प्रश्न फार उपयोगी पडला: त्या त्या दिवशी तिचं जेवण कुठून येत होतं? हा प्रश्न हातात धरून चाललं की तिची कविता, तुरुंगवास, देवावरची श्रद्धा आणि इतिहासातून तिचं नाव पुसट होणं, हे सगळं एकमेकांना जोडलेलं दिसू लागतं.

तिचा जन्म 17 जानेवारी 1885 चा, जर्मनीच्या अगदी उत्तरेला डेन्मार्कजवळच्या फ्लेन्सबुर्ग या बंदरातला. माहेरचं आडनाव कोर्डसेन. वडील आधी खलाशी, मग गोदीत जहाजांच्या डोलकाठ्या आणि दोरखंड चढवण्याच्या कामावर. घरात पुस्तकी वातावरण असण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी प्राथमिक शाळा संपली आणि मुलगी लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून कामाला लागली.

इथे थोडं थांबायला हवं. जर्मनीत तेव्हा घरगड्यांसाठी आणि मोलकरणींसाठी वेगळे कायदे होते. कारखान्यातल्या कामगारांना जे थोडेफार हक्क मिळाले होते ते यांना लागू नव्हते. मोलकरणीजवळ नोकरीचं पुस्तक असे, मालक त्यात शेरा लिहीत, आणि शेरा वाईट पडला की पुढचं घर मिळणं अवघड. मुदतीआधी काम सोडून गेलेल्या मुलीला पोलिसांकरवी परत आणता येई. हे कायदे गेले ते 1918 च्या नोव्हेंबरात, क्रांती झाल्यावर. गोदीकामगाराची मुलगी फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघून जाते तेव्हा आपण ‘कलेची ओढ’ एवढंच म्हणून मोकळे होतो. ओढ तर होतीच. पण ती काय मागे टाकून गेली तेही पाहिलं पाहिजे.

छापखान्यात कंपोझिटर असलेल्या आणि नाटकाचं वेड असलेल्या हेनिंग्स नावाच्या तरुणाशी तिने लग्न केलं आणि दोघं कंपनीत शिरली. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. नवरा सोडून गेला. 1906 साली मुलगी झाली, आनेमारी, तिला फ्लेन्सबुर्गला आईच्या हवाली करून एमी पुन्हा गावोगाव फिरू लागली.

नटीच्या पगाराचं गणित आज ऐकताना विश्वास बसत नाही. त्या काळच्या जर्मन नाटकधंद्यात बायकांना रंगमंचावरचे पोशाख बहुधा स्वतःच्या पैशाने करावे लागत. पुरुषांना ऐतिहासिक नाटकांचे कपडे कंपनी देई. बाईला भूमिकेत श्रीमंत दिसायचं असेल तर रेशीम तिने आणायचं, शिलाई तिने भरायची, आणि पगार मात्र हंगामापुरता. हंगाम संपला की हातात काही नाही. मग पैसे येणार कुठून? हा प्रश्न जर्मनीत तेव्हा उघडपणे चर्चिला जात होता, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पगारात न भागणारा खर्च कुणा पुरुषाच्या खिशातून येई. लोक मग नट्यांच्या नीतीबद्दल बोलत आणि कराराबद्दल गप्प राहत.

एमीही त्या उतरणीवरून गेली. फिरती नाटकं, मग गाण्याचे हलके जलसे. जर्मनमध्ये अशा जागांना टिंगेलटांगेल म्हणत. तिथे गाणं ही कामाची अर्धी बाजू. गाणं झालं की गायिकेने टेबलांमधून फिरायचं, गिऱ्हाईकाशेजारी बसायचं, त्याला आणखी एक बाटली मागवायला लावायची. कधी ती घरोघर वस्तू विकत फिरली, कधी तिने शरीर विकलं. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही, कारण तिने स्वतःच ते लपवलं नाही. पुढे त्यावर तिने पुस्तक लिहिलं.

नाटक कंपनीपेक्षा कॅबरे तिला परवडलं आणि मानवलं. हा प्रकार पॅरिसचा. 1881 मध्ये मोंमार्त्र भागात ‘काळं मांजर’ या नावाची जागा उघडली, तिथे कवी आणि गायक दारूच्या टेबलांसमोर आपल्या रचना सादर करू लागले. जर्मनीत ती लाट 1901 साली पोचली, बर्लिन आणि म्युनिक अशा दोन्हीकडे. तिथे मंचावर म्हटला जाणारा शब्द आधी पोलिसांकडून मंजूर करून घ्यावा लागे, त्यामुळे काही मंडळी ‘हा आमचा खासगी क्लब आहे’ असं सांगून वाट काढत. म्युनिकमध्ये काटी कोबुस नावाच्या बाईंचं सिम्प्लिसिसिमुस हे मद्यगृह कवी-चित्रकारांचा अड्डा बनलं होतं. नंतर प्रसिद्ध झालेला योआखिम रिंगेलनात्स तिथे घरचा कवी म्हणून रोज कविता म्हणे. एमी तिथे गायची आणि स्वतःचा फोटो छापलेली कार्डं टेबलांवर विकायची. तिचा आवाज मोठा नव्हता, कमावलेला तर नव्हताच. ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की तो बारीक, चिरका, मधेच तुटणारा होता. ती तो तुटलेपणा दडवत नसे, गाण्यात वापरत असे. बर्लिन, कोलोन, बुडापेस्ट अशी तिची फिरती चालू राहिली. अफू-मॉर्फिनसारख्या नशाही त्या जगात होत्या आणि तिच्याही आयुष्यात होत्या.

आता तिची कविता. ‘कॅबरेनंतर’ नावाची तिची एक छोटी कविता आहे, दहा ओळींची. पहाटे पाचचे ठोके पडतात. उजाडायला लागलंय, पण हॉटेलातला दिवा अजून जळतोय. कॅबरे एकदाचं संपलंय आणि ती घरी चाललीय. कोपऱ्यात मुलं अंग आखडून बसली आहेत. शेतकरी बाजाराला निघालेत. म्हातारी माणसं मुकाट्याने देवळाची वाट धरतात, मनोऱ्यावर घंटा वाजते. आणि विस्कटलेल्या केसांची एक वेश्या, रात्रभर जागलेली, गारठलेली, अजून भटकतेय. कविता संपली.

मला ही कविता पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते ती तिच्या जागेमुळे. कॅबरेवर तेव्हा अनेकांनी लिहिलं, पण ते बहुतेक टेबलापाशी बसलेल्या माणसाने लिहिलेलं. त्याला दिवे दिसतात, पाय दिसतात, धुंदी दिसते. एमीला शिफ्ट संपलेली दिसते. पाचच्या सुमाराला शहरात दोन पाळ्या एकमेकांना ओलांडून जातात, रात्रीची मजुरी करून परतणारे आणि दिवसाच्या मजुरीला निघालेले, आणि ती स्वतःला त्यांच्यातच मोजते. वेश्येबद्दल तिने कीव केलेली नाही की उपदेश केलेला नाही. दोघींच्या वाटा एकाच रस्त्यावरून जातात, एवढंच. मुलं मात्र तिने पाहिली. फ्लेन्सबुर्गला ठेवलेली मुलगी माहीत असल्यावर ती ओळ वाचणं मला जड जातं.

तिच्या रचना अशाच असतात: छोट्या ओळी, सरळ यमकं, जवळजवळ लोकगीताचा ठेका. तेव्हाचे तरुण कवी वाक्यं मोडत होते, शब्द फोडत होते. तिने तसं फारसं केलं नाही, कारण तिची कविता कानासाठी होती. बिअर पिणाऱ्या माणसाला ती एका झटक्यात कळायला हवी. 1913 मध्ये लाइपझिगच्या कुर्ट वोल्फ प्रकाशनाने तिचा पहिला संग्रह काढला, ‘शेवटचा आनंद’. ज्या पुस्तकमालेत तो आला तिच्यातच त्याच वर्षी काफ्काची एक कथा पुस्तकरूपाने निघाली होती. म्हणजे प्राथमिक शाळेपलीकडे न शिकलेली ही गायिका त्या काळच्या सगळ्यात नव्या साहित्याच्या रांगेत उभी होती.

त्याच वर्षी सिम्प्लिसिसिमुसमध्ये तिची हुगो बालशी ओळख झाली. तो नाटकवाला, तत्त्वज्ञान शिकलेला, तिच्याहून वर्षभराने लहान. वर्षभरात महायुद्ध पेटलं. एमीवर चोरीचा खटला झाला, तिने काही आठवडे म्युनिकच्या तुरुंगात काढले. सैन्यभरती चुकवणाऱ्यांना खोटी कागदपत्रं मिळवून दिल्याचा संशयही तिच्यावर होता. 1915 मध्ये ती आणि बाल तटस्थ स्वित्झर्लंडला, झ्युरिकला गेले. तिथे उपासमार ठरलेली. पुन्हा एका हलक्या करमणूक कंपनीत नोकरी: तो पियानो वाजवी, ती गाई.

5 फेब्रुवारी 1916 ला दोघांनी झ्युरिकच्या जुन्या भागात, श्पीगेलगास 1 या पत्त्यावर कॅबरे व्होल्तेर उघडलं. जागा यान एफ्राइम नावाच्या माजी डच खलाशाची. त्याने होकार दिला तो बिअर, सॉसेज आणि सँडविच जास्त खपतील या आशेने. काही दिवसांत त्रिस्तान त्झारा, मार्सेल यांको, हान्स आर्प, रिखार्ड हुल्झेनबेक असे युद्धापासून दूर आलेले तरुण जमले, आणि इथेच ‘दादा’ जन्मला. हा शब्द आपल्याला थोरल्या भावाचा वाटतो, पण त्यांनी तो मुद्दाम अर्थहीन म्हणून उचलला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं: ज्या शहाण्या, सुसंस्कृत भाषेने लाखो पोरांना खंदकात मरायला पाठवलं, ती भाषाच आम्ही मोडतो. म्हणून अर्थ नसलेल्या आवाजांच्या कविता, एकाच वेळी तीन भाषांत वाचन, ढोल, मुखवटे.

या सगळ्यांत व्यावसायिक गायिका एमी एकटी होती. समोर बसणाऱ्यांत विद्यार्थी आणि बिअरसाठी आलेली साधी माणसंही होती. अर्थहीन कवितेने ती चिडत, आणि मग एमी येऊन गाई तेव्हा पुन्हा जागेवर बसत. ती डॅनिश लोकगीतं म्हणे, पॅरिसची रस्त्यावरची गाणी म्हणे, स्वतःच्या कविता म्हणे, स्वतः केलेल्या बाहुल्या नाचवी. बालने एका जुन्या लष्करी कूचगीताच्या चालीवर ‘असे मरतो आम्ही, रोज मरतो’ अशा अर्थाचे शब्द बसवले होते. ते तिने गायलं. चाल सैनिकांच्या ओठांवरची, शब्द त्यांच्या मरणाचे. तिथल्या एका वृत्तपत्राने तिलाच या कॅबरेचा तारा म्हटलं. कॅबरे उन्हाळ्यातच बंद पडलं, पाचेक महिनेच चाललं. त्याच वर्षी एमीची आई वारली आणि दहा वर्षांची आनेमारी तिच्याकडे राहायला आली.

मग इतिहासात काय उरलं? जे कागदावर होतं ते. जाहीरनामे उरले, मासिकं उरली, पुढे त्या पुरुषांनी लिहिलेल्या आठवणी उरल्या. चाल, आवाज, टेबलांमधून फिरताना केलेला विनोद, गोंधळ घालणाऱ्या गिऱ्हाईकाला गप्प करण्याची हातोटी, यांतलं काहीच उरलं नाही. एमीच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यात ती पैसे मिळवण्यासाठी गात होती, आणि पोटासाठी केलेल्या कामाला सिद्धान्त मानायला कुणी तयार नसतं. दादाच्या कथेत ती ‘सोबत असलेली गायिका’ झाली. माझ्या मते हा फक्त बाई म्हणून झालेला अन्याय नाही. मजूर म्हणूनही तो झाला आहे.

युद्ध संपलं. जर्मनीत राजा गेला, बायकांना मत मिळालं, नाटकांवरचा पूर्वपरवानगीचा जाच 1918 च्या नोव्हेंबरातच गेला आणि 1919 च्या राज्यघटनेने ते कायम केलं. बर्लिनच्या कॅबरेचा गाजलेला काळ तो हाच. पण एमी तिथे नव्हती. पस्तिशी आली होती, तब्येत खचली होती, आणि मंचावरून तिचं मन उडालं होतं. 21 फेब्रुवारी 1920 ला तिने आणि बालने लग्न केलं आणि दोघं स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या तिचिनो भागात, लुगानोजवळच्या अन्युत्सो गावात राहायला गेले. तिथलं जगणं स्वस्त होतं. जवळच्या मोंतान्योला गावात हेर्मान हेसे राहत होता, ‘सिद्धार्थ’ कादंबरीमुळे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असलेला. त्याची दोघांशी घट्ट मैत्री जमली.

तिची सगळ्यात महत्त्वाची दोन गद्य पुस्तकं याच उंबरठ्यावरची. 1919 चं ‘तुरुंग’ आणि 1920 चं ‘डागण्याची खूण’.

‘तुरुंग’चं वेगळेपण ध्यानात यायला त्या वर्षीची जर्मनी आठवावी लागते. म्युनिकची क्रांती चिरडली गेली होती, एर्न्स्ट टोलर आणि एरिख म्यूझामसारखे लेखक कोठडीत होते. त्यांच्या कैदेला एक ध्येय होतं, बाहेर त्यांच्यासाठी सभा होत. एमीने लिहिलं ते भुरट्या चोरीसाठी, शरीरविक्रयासाठी आत आलेल्या बायकांबद्दल, ज्यांच्यासाठी बाहेर कुणीच उभं नाही. तिने स्वतःला त्यांच्यापासून वेगळं काढलं नाही, निर्दोष म्हणूनही मिरवलं नाही. वाट पाहणं, दाराची किल्ली, खिडकीचा तुकडा, शेजारच्या कोठडीतला आवाज. ‘डागण्याची खूण’ रोजनिशीच्या रूपात आहे: पैसा संपलेली एक नटी परक्या शहरात येते, दारोदार वस्तू विकते, शरीर विकते, आणि पानोपानी देवाशी बोलते.

हे देवाशी बोलणं तेव्हाही अनेकांना खटकलं, आजही वाचकाला कोड्यात टाकतं. एमी प्रॉटेस्टंट गावातली, 1911 साली, म्हणजे ऐन कॅबरेच्या दिवसांत, ती कॅथलिक झाली. म्हणून तिच्यावर कुणी ढोंगाचा ठपका ठेवावा हे मला पटत नाही. कॅथलिक चर्चमध्ये पापकबुली आहे, म्हणजे रोज चुकणाऱ्याला रोज परत येण्याची मुभा. जिला प्रत्येक शहरात पोलिसाला, मालकाला, घरमालकिणीला आपली कागदपत्रं दाखवावी लागत, तिला कागद न मागणारी ती एकच जागा सापडली असेल. हा माझा तर्क, पण पुस्तक वाचताना तो मनातून जात नाही.

पुस्तकं निघाली, पैसा मात्र आला नाही. 1922 ला ‘उजळ रात्र’ हा कवितासंग्रह, 1923 ला ‘शाश्वत गाणं’. पण 1923 म्हणजे जर्मन चलन कोसळल्याचं वर्ष. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क असा भाव होता. जर्मन प्रकाशकाकडून येणाऱ्या मानधनावर स्वित्झर्लंडमध्ये जगणाऱ्या लेखकाचं काय होत असेल ते यावरून समजावं. मान्यता होती, वाचक होते, आणि चुलीचा प्रश्न तसाच होता.

14 सप्टेंबर 1927 ला बाल पोटाच्या कर्करोगाने गेला, वय 41. त्याच वर्षी त्याने लिहिलेलं हेसेचं चरित्र निघालं होतं, हेसेच्या पन्नाशीनिमित्त. एमी 42 वर्षांची होती आणि पुढची जवळजवळ 21 वर्षं ती एकटीच राहिली. तिने बालची पत्रं आणि कविता एकत्र करून छापल्या, त्याच्यावर पुस्तकं लिहिली, त्याचं नाव मरू दिलं नाही. त्याचं नाव आज आहे त्याला तिचे हे कष्टही कारणीभूत आहेत, आणि याच कष्टांनी तिच्यावरचा ‘बायको’ हा शिक्का आणखी घट्ट झाला.

1933 नंतर तिचं जुनं जग एकेक करून बुडालं. म्युनिकच्या दिवसांतला मित्र म्यूझाम 1934 मध्ये ओरानिएनबुर्गच्या छळछावणीत मारला गेला. 1937 मध्ये नाझींनी म्युनिकमध्ये ‘अधोगत कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं त्यात दादाची टवाळी करणारी एक अख्खी भिंत होती. एमीने 1938 मध्ये बालपणाची आठवण लिहिली, ‘फूल आणि ज्वाळा’, ती स्वित्झर्लंडच्या कॅथलिक प्रकाशनाने काढली. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, 1940 मध्ये, पुढचा भाग आला, ‘निसटता खेळ’. त्यात मोलकरीणही आहे, फिरती नाटकंही आहेत, कॅबरेही आहे.

शेवटची वर्षं लुगानो सरोवराकाठी मालियासो गावात गेली. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायची, कारखान्यात काम करायचं, रात्री लिहायचं. 10 ऑगस्ट 1948 ला सोरेंगो इथे ती वारली. जेंतिलिनोच्या दफनभूमीत ती बालबरोबर आहे, हेसेलाही 1962 मध्ये तिथेच पुरलं.

जर्मन वाचणाऱ्यांनी ‘तुरुंग’पासून सुरुवात करावी, 2016 मध्ये ते पुस्तक नव्याने छापलं गेलं आहे. जर्मन नुकतंच शिकत असाल तर ‘कॅबरेनंतर’ घ्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल इतके सोपे शब्द आहेत. मात्र ती मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा.